शिट्टी न मारणारं मशीन

दुरुस्तीवाली : हे असं मुठीत धरलं ना, की यानं शिट्टी मारायला हवी.

धाकटा : आमचं नाही मारत. तीच तर त्याची खासियत आहे. शेजारच्या काकांचं कानाचं मशीन सारखं कुंईकुंई करतं. आईचं हे आठ महिन्यांत एकदाही वाजलं नाही.

दुरुस्तीवाली : एकदाही नाही?

धाकटा : एकदम शांत. खोक्यावर तसं लिहिलंच होतं.

ताई : खोक्यावरचं नको वाचून दाखवूस. बाई बघतायत ना.

धाकटा : मी आपली माहिती दिली.

दुरुस्तीवाली : ही माहिती कामाचीच आहे. चालू मशीन मुठीत धरलं की शिट्टी मारतं. आम्ही सगळ्यात आधी तेच बघतो.

धाकटा : पण हिरवा दिवा लागतोय की! रोज झोपायच्या आधी मी स्वतः चार्जिंगला लावायचो. एक दिवस चुकवला नाही.

दुरुस्तीवाली : दिव्याचं सोडा. घेतलंत कुठून?

धाकटा : मोबाइलवरून मागवलं. ऑफर होती. दोन तास उरले होते, आणि—

ताई : आणि याला घाम फुटला होता. बाई, घरात याला 'ऑफर'च म्हणतात. पाय शेकायचं मशीन आणलं, त्यानं शेकायच्या ऐवजी झटके दिले. घडीची शिडी आणली, तिची घडी अजून उघडलेली नाही. हवेची गादी आणली, पहाटेपर्यंत माणूस फरशीवर.

धाकटा : गादी परत घेतली त्यांनी.

ताई : अर्धी. पंप तुझ्याकडेच राहिला.

दुरुस्तीवाली : कानाची तपासणी करून घेतली होती?

धाकटा : त्यात लिहिलं होतं, तपासणीची गरज नाही. सगळ्या कानांना चालतं.

दुरुस्तीवाली : हं. उघडून बघते. तुम्ही बसा. ती खुर्ची नको, तिचा पाय हलतो. बाकावर बसा.

ताई : ऐक, मी आधीच सांगून ठेवते. मशीनमध्ये काही निघालं नाही, तर आईला डोक्याच्या डॉक्टरांकडे न्यायचं. परवा वृद्धाश्रमातल्या नर्सनं मला बाजूला घेतलं. म्हणाली, तुमच्या आई हाक मारली तर बघत नाहीत. काही विचारलं की नुसत्या हसतात. आणि रोज सकाळी उठून पिशवी भरून दारापाशी बसतात.

धाकटा : मला माहितीये. मलाही विचारते, कधी निघायचं म्हणून.

ताई : तू काय सांगतोस?

धाकटा : पहिल्यांदा नीट समजावलं. मग परत तेच, परत तेच. आता 'बघू' म्हणतो. वय झालं ताई. विसरते ती. आपणच ठरवलेलं तिला आठवत नाही.

ताई : आपण नाही. तू आणि ती.

धाकटा : झालं. आता ते परत नको काढूस.

ताई : का नको? एकतीस वर्षं त्या घरात राहिली. घर भाड्याचं असेना का, गॅलरीतली एकेक कुंडी तिच्या हातची. आणि ते घर सोडायला ती एका बैठकीत तयार झाली, मला एका शब्दानं न विचारता. तू सांगितलंस तेव्हा मी हसले होते. म्हटलं, शक्यच नाही, आई आणि हो म्हणेल?

धाकटा : पण म्हणाली. मी काय करायला हवं होतं? माझी बदली झाली. तिथे एका खोलीत आम्ही चौघं राहणार. तुझ्या घरी सासू, सासरे, दोन पोरं, आणि पाय ठेवायला जागा नाही. तिला एकटीला ठेवायचं होतं का इथे?

ताई : मी ते म्हणतच नाहीये.

धाकटा : मी तिच्या समोर बसलो ग. ती मटार सोलत होती. अर्धा तास बोललो. बदलीचं सांगितलं, तुझी अडचण सांगितली, म्हटलं, आश्रम बघून आलोय, स्वच्छ आहे, खिडकी आहे. तुला नको असेल तर नोकरी सोडतो, असंसुद्धा म्हटलं. मनापासून म्हटलं. तिनं सगळं ऐकून घेतलं, माझ्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, "तुला वाटेल ते कर. माझी काही हरकत नाही." त्या एका वाक्यावर मी तगलोय. नाहीतर हे माझ्याच्यानं झालं नसतं.

ताई : मी भेटायला गेले, तेव्हा मीही म्हटलं तिला, आई, मला एकदा विचारायचंस तरी. ती नुसती हसली. मला इतका राग आला ना! तशीच उठून आले. पंधरा दिवस फिरकले नाही.

दुरुस्तीवाली : अहो, जरा इकडे या दोघं.

धाकटा : बॅटरीच निघाली ना?

दुरुस्तीवाली : बॅटरी ठणठणीत आहे. ही भिंगाची पट्टी धरा डोळ्याला. ती लाल तार दिसते? आवाज जिथून बाहेर पडतो, त्या डबीकडे जाणारी.

धाकटा : दिसते. सुटलीय.

दुरुस्तीवाली : सुटली नाही. सुटली असती तर टोकाला सोल्डरचा थेंब दिसला असता, निदान काळा डाग तरी. हिचं टोक कोरं आहे. ही तार कधी जोडलेलीच नव्हती.

ताई : कधीच म्हणजे?

दुरुस्तीवाली : कारखान्यातून निघालं तेव्हापासून. दिवा लागतो, चार्जिंग होतं, आवाज मात्र बाहेर येत नाही. हे मशीन एक दिवसही चाललेलं नाही.

धाकटा : असं कसं? आईला ऐकू यायचं! पहिल्याच दिवशी मी कानात घातलं आणि विचारलं, येतंय ऐकू? म्हणाली, "स्वच्छ." डोळे भरून आले होते तिचे.

दुरुस्तीवाली : तुम्ही समोर होतात?

धाकटा : समोरच. गुडघ्यांवर बसलो होतो.

दुरुस्तीवाली : मग काय विचारताय, ते कुणालाही कळेल.

ताई : बाई, मशीन नव्हतं तेव्हा तिला थोडं तरी यायचं. मोठ्यानं बोललं की यायचं.

दुरुस्तीवाली : येत असणार. आता हे रबरी बोंड बघा, कानात बसतं ते. हे कान गच्च बंद करतं. मशीन चालू असेल तर हरकत नाही, आवाज आतून येतो. मशीन बंद असेल तर हा नुसता कानातला बोळा. थोडं येत असेल तेही गेलं.

ताई : आणि आपण हळू बोलायला लागलो.

धाकटा : ताई…

ताई : तूच सगळ्यांना दम दिलास. माझ्या पोरांनासुद्धा. "आजीशी ओरडून बोलायचं नाही, मशीन लावलंय, कानाला इजा होते." आठ महिने आपण तिच्या कानात बोळा घालून तिच्याशी कुजबुजत होतो.

धाकटा : कागदावर तसं लिहिलं होतं ग.

दुरुस्तीवाली : ते बरोबरच लिहिलंय. चालणाऱ्या मशीनसाठी.

धाकटा : पण मग ती बोलली का नाही? बंद आहे एवढं म्हणायला काय झालं होतं? मी बदलून आणलं असतं, परत पाठवलं असतं!

ताई : कसं सांगणार? पाय शेकायचं मशीन बंद पडलं तेव्हा मी सगळ्यांसमोर काय बोलले, आठवतं? "तू आणलेली एक वस्तू दाखव जी चालते." तू ताटावरून उठलास. दोन दिवस आईशीसुद्धा बोलला नाहीस. त्यानंतरची ही पहिलीच खरेदी तुझी.

धाकटा : म्हणजे त्या दिवशी, मटार सोलताना… ताई, तिनं कपडे किती घेतले होते सोबत?

ताई : दोन जोड्या. मी म्हटलंसुद्धा, एवढेच? तर म्हणाली, पुरेत.

धाकटा : दोन जोड्या. माणूस घर सोडून जाताना दोन जोड्या घेत नाही. चार दिवस कुठे जायचं असेल, तर दोन घेतो.

ताई : तिला वाटलं असेल, कानाच्या नाहीतर कसल्या तपासणीला नेतोय. म्हणून रोज पिशवी भरते ती. तिचं डोकं फिरलेलं नाही रे. तिला कुणी सांगितलेलंच नाही!

धाकटा : उद्या संध्याकाळी घराची किल्ली द्यायचीय. कपाट गेलं, पलंग गेला. परवा दुसरी माणसं राहायला येतायत.

दुरुस्तीवाली : जोडून देऊ का? दोन मिनिटांचं काम आहे.

धाकटा : दोन मिनिटांचं?

दुरुस्तीवाली : एक टाका सोल्डरचा. दुसरं काय आहे त्यात?

ताई : जोडा बाई. आणि ती शिट्टी आम्हाला वाजवून दाखवा.

दुरुस्तीवाली : हं… झालं. हे घ्या, तुम्हीच धरा मुठीत. ऐकलंत?

धाकटा : ऐकलं.

दुरुस्तीवाली : आता त्यांच्याशी हळूच बोला. आता हळू बोललेलं पोचेल.

(आश्रमातली आईची खोली, त्याच दिवशी संध्याकाळी. धाकटा आईच्या कानात मशीन बसवतो आहे.)

आई : सावकाश रे. आणि दोघं एकदम कसे आज? हिला तर वेळच नव्हता ना इतके दिवस?

धाकटा : आई. ऐकू येतंय?

आई : अगोबाई!

ताई : काय झालं?

आई : हा पंखा केवढा वाजतो! मेला रात्रंदिवस असाच खडखडत होता माझ्या डोक्यावर?

धाकटा : आई…

आई : म्हणजे… आज जरा जास्त वाजतोय. रोज इतका नाही वाजत.

ताई : आई, पुरे. आम्हाला कळलंय.

आई : काय कळलंय?

ताई : हे मशीन चालतच नव्हतं. पहिल्या दिवसापासून.

आई : कोण म्हणतं? चांगलं चालत होतं. उगाच नेलंत दुरुस्तीला. आणि तू त्याला काही बोलू नकोस हं. जरा काही झालं की तुझी जीभ सुटते, आणि तो बसतो मनाला लावून घेऊन.

ताई : नाही बोलत. मी काहीच बोलत नाही.

आई : किती बसलाय ग आवाज तुझा! सर्दी झाली का? का पहिल्यापासून असाच आहे? बरं, निघायचं ना? पिशवी भरलेली आहे माझी. इथले लोक चांगले आहेत हो, पण किती दिवस राहायचं माणसानं? कुंड्या वाळल्या असतील.

धाकटा : आई, बस जरा. एक विचारायचंय.

आई : विचार की. बघ, किती स्वच्छ येतंय. म्हटलं ना, चालतं.

धाकटा : त्या दिवशी तू मटार सोलत होतीस. मी समोर येऊन बसलो होतो. आठवतं?

आई : न आठवायला काय झालं? किती वेळ बोलत होतास! डोळ्यांत पाणी आलं होतं तुझ्या.

धाकटा : मी काय विचारलं, ते कळलं होतं तुला?

आई : आता शब्दन् शब्द कुठला कळायला! पण आईला कळतंच रे.

ताई : काय कळलं, आई?

आई : काहीतरी घ्यायचं होतं त्याला. लहानपणापासून तसंच तोंड करतो. या वेळी काहीतरी मोठं असणार, इतका भीत भीत विचारत होता. तू ओरडशील म्हणून आधी माझ्याकडून हो म्हणवून घेत होता. मी म्हटलं, घेऊ दे. एवढं कौतुकानं मशीन आणलं माझ्यासाठी आणि ते… जाऊ दे. म्हणून म्हटलं, तुला वाटेल ते कर, माझी काही हरकत नाही.

धाकटा : आई, तसं नव्हतं ग…

आई : असे काय बघता दोघं? तेही बंद पडलं की काय? पडू दे. कुणी काही बोलणार नाही तुला, मी आहे ना. सांग तर खरं, काय घेतलंस?