लेन्स कोणी बसवली

आजच्या अध्यक्षा आदरणीय संचालकबाई, मुख्य कार्यालयातून मुद्दाम आलेले पाहुणे, ज्यांना या इमारतीत कधी कुणी आडनावाने हाक मारली नाही ते आजचे सत्कारमूर्ती, म्हणजे आपले मास्तर, त्यांच्या शेजारी बसलेल्या वहिनी, आणि स्टुडिओतल्या, संकलनातल्या, केबलवरच्या माझ्या सगळ्या माणसांनो, तुम्हा सर्वांना माझा नमस्कार.

माझ्याआधी सात जण बोलले. सातही जणांनी मास्तरांच्या नजरेचं कौतुक केलं. ते खरंच आहे, त्यातला एक शब्दही मी खोडणार नाही. सूत्रसंचालकांनी खाली मला बजावलं, "बाई, दोन मिनिटं, आणि जरा गोड बोला." दोन मिनिटांत माझं होणार नाही. गोडाचंही कबूल करत नाही.

मी टेप लायब्ररीत काम करते हे तुम्हाला माहीत आहे. आमचे हे इथे कॅमेरामन होते, हे जुन्यांना माहीत आहे. सोळा वर्षं त्यांनी कॅमेरा चालवला आणि शेवटची तीन वर्षं केबल ओढली. नव्या लोकांनी त्यांना केबल ओढतानाच पाहिलं असेल. ते गेल्यावर मला इथे लायब्ररीत घेतलं. त्यांच्या फाइलमध्ये एक ओळ आहे: "कामात हलगर्जीपणा. फोकस राखता आला नाही." खाली मास्तरांची सही. ही ओळ काढा म्हणून मी दोनदा अर्ज केला. दोनदा उत्तर आलं, की शेरा ज्या विभागप्रमुखांनी लिहिला त्यांनाच तो मागे घेता येतो. मास्तर आज साडेपाचला विभागप्रमुखपद सोडतायत. आत्ता साडेचार वाजलेत. म्हणून मी उभी आहे. मला भाषणाची हौस कुठली?

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. एका वयस्क गायिकेची शेवटची सभा आपण चित्रित केली. शेवटची म्हणजे खरोखर शेवटची, पुढच्या चार महिन्यांत त्या गेल्या. मास्तर कॅमेरा एकवर, आमचे हे कॅमेरा दोनवर. मास्तरांकडे चेहरा आणि हात, यांच्याकडे पूर्ण मंच: गायिका, साथीदार, समोरचे श्रोते. कॅमेरा दोनची लांबची सगळी चित्रं पुसट आली. परत घ्यायची सोय नव्हती. चौकशी झाली. हे म्हणाले, "सभेआधी लेन्स बदलली होती." मास्तर म्हणाले, "मी तपासून दिली होती." मास्तर बोलले म्हणजे संपलं. नाही का?

यांनीही तेच धरलं. मास्तर चुकत नाहीत, म्हणजे आपले डोळे गेले. मुलीला खोलीच्या त्या टोकाला उभी करायचे, हातात वर्तमानपत्र, आणि इकडून वाचून दाखवायचे. वाचता यायचं सगळं. तरी दोनदा चष्मा बदलला. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, "अहो, तुमची नजर चांगली आहे, कशाला येता?" हे घरी येऊन म्हणाले, "डॉक्टर मन राखतात." ते त्या दुःखाने गेले असं मी म्हणणार नाही. डॉक्टरांनी कारण लिहून दिलंय, ते वेगळं आहे. पण जाताना ते आपल्या डोळ्यांना दोष देत गेले.

मी सातवीपर्यंत शिकले. पुढचं जे वाचलं ते मिळेल तिथून आणि मिळेल तसं. लायब्ररीत आल्यावर मला वाटलं, ज्या एका शब्दाने माझ्या माणसाची सोळा वर्षं पुसली, तो शब्द मला कळायला हवा. फोकस. मी कॅमेऱ्याचं माहितीपुस्तक काढलं आणि शेजारी शब्दकोश घेऊन बसले. दिवसाला एक पान व्हायचं, कधी अर्धंच.

शनिवारी दुपारी मास्तर इतर विभागांतल्या लोकांना कॅमेरा शिकवायचे. मी नाव दिलं. मास्तर म्हणाले, "का बाई, टेपांवरची धूळ संपली?" मी म्हटलं, "संपली. आता लेन्सवरची पुसायला शिकवा." मास्तर मनापासून हसले. आणि एक सांगते, त्यांनी मला चांगलं शिकवलं. हातचं राखून ठेवलं नाही. त्याचे आभार मी आज मानते, ते खोटे नाहीत.

पहिल्या दिवशी खांद्यावर कॅमेरा दिला. मी म्हटलं, "मूल कडेवर घेऊन घर चालवलंय मी, वजनाचं काय सांगता?" तर म्हणाले, "मूल हललं तर चालतं बाई, हा हलला तर जग हलतं." लेन्सवरच्या रिंगा दाखवल्या. पुढची फोकसची, मधली झूमची, मागची उजेड किती आत घ्यायचा त्याची. झूमने आत जा, माणसाच्या डोळ्यावर फोकस धर, मग बाहेर ये. हे मी घरी उलथनं हातात धरून घोकलं. उन्हात वापरायची गडद काच कॅमेऱ्यात तशीच ठेवून मी स्टुडिओत चित्रण केलं, सगळं काळोखं. कॅमेऱ्याला पांढरा रंग ओळखायला शिकवायचा तर समोर पांढरं हवं. मी प्रकाशयोजनेतल्या आपल्या दिवेकाकांच्या जुन्या बनियनवर शिकवला. ते बनियन कसलं पांढरं, पिवळं पडलेलं! सगळे चेहरे निळे झाले. दिवेकाका म्हणाले, "बाई, मी विष प्यायल्यासारखा दिसतोय." हसा, हसा. मीही हसले होते. चूक झाली, मास्तरांनी दाखवली, मी सुधारली. शिकणं असंच असतं ना?

आता लेन्सच्या अगदी मागे, जिथे ती कॅमेऱ्याला बसते तिथे, आणखी एक बारीक रिंग असते, स्क्रूने आवळलेली. तिच्यावर आपल्याकडे कागदी पट्टी चिकटवलेली असते आणि पट्टीवर मास्तरांची सही. ही या विभागाची रीत. मास्तरांनी बसवलेल्या लेन्सच्या त्या रिंगेला कुणी हात लावायचा नाही. आमच्या ह्यांनीही कधी लावला नाही.

तीन महिन्यांनी मास्तरांनी स्वतःच ती पट्टी सोलून आम्हाला रिंग दाखवली. सायकलच्या चाकासारखा काळ्या-पांढऱ्या आऱ्यांचा तक्ता भिंतीला लावला. म्हणाले, "झूम आत, पुढच्या रिंगेने फोकस. झूम बाहेर, या रिंगेने फोकस. दोन्हीकडे आरे स्पष्ट दिसेपर्यंत करत राहायचं. लेन्स एका कॅमेऱ्यावरून काढून दुसऱ्याला लावली की हे पुन्हा करायचं. दर वेळी. त्याला सुट्टी नाही."

मी विचारलं, "मास्तर, नाही केलं तर?"

"जवळचं छान येतं आणि लांबचं सगळं पुसट. डोळा लावतो तो व्ह्यूफाइंडर एवढासा असतो, त्यात कळतसुद्धा नाही."

"मग चूक कॅमेरामनची?"

"छे! त्याची कशी? ज्याने लेन्स बसवली त्या गाढवाची."

मास्तर एवढं बोलले. माझ्याकडे बघितलं. वर्ग चारपर्यंत असायचा, तेव्हा तीनच वाजले होते. म्हणाले, "आज इथेच थांबू." संकलनातल्या ताई तिथे होत्या. बसल्यात समोर, विचारा त्यांना.

सोमवारी मी त्या सभेची कॅमेरा दोनची मूळ टेप काढली. चौकशीत सगळ्यांनी ही टेप गायिका मंचावर आल्यापासूनच पाहिली होती. मी पहिल्यापासून लावली. आधी रंगीत पट्ट्या. मग रिकामं सभागृह, लांबून, खुर्चीन् खुर्चीचा नंबर वाचता येतो असं. मग नुसतं करडं. लेन्स काढली होती आणि रेकॉर्डिंग थांबवायचं राहून गेलं होतं. चित्र नाही, पण आवाज आहे. मास्तरांचा आवाज: "तुझी लेन्स मला दे, क्लोजअपला ती चांगली. ही घे." मग यांचा: "मास्तर, तक्ता लावून बघू का? पाचच मिनिटं." मास्तर: "मी बसवलीय ना? मग? लोक आत सोडतायत." आणि हे म्हणाले, "बरं."

एवढंच. "बरं." आमच्या पंचवीस वर्षांच्या संसारात हा शब्द मी रोज ऐकला, आणि ते गेल्यानंतर पहिल्यांदा तिथे ऐकला. टेप मागे नेऊन किती वेळा ऐकला ते सांगत नाही. मग पुन्हा तेच सभागृह, त्याच खुर्च्या. एकही नंबर वाचता येत नव्हता.

नाही, सूत्रसंचालक, चिठ्ठी नको. तुम्ही बसा. संचालकबाई, मला बोलू द्याल? ...आभारी आहे.

मास्तर, लेन्स चुकीची बसली म्हणून मी चिडलेले नाही. घाई होती. माणसाच्या हातून होतं. मी चिडले आहे ती पुढच्या गोष्टीवर. तुम्ही चौकशीत "तपासून दिली" म्हणालात, तेव्हा तुम्हाला नीट आठवत होतं. तुमच्यासमोर तीन वर्षं तो माणूस केबल गुंडाळत होता, तेव्हाही आठवत होतं. तुम्ही सगळ्यांना शिकवलंत, आरे दोन्हीकडे दिसेपर्यंत सोडू नका म्हणून. स्वतः मात्र सोडून दिलंत. त्या शनिवारला आता चौदा महिने झाले. रोज लायब्ररीच्या दारावरून जाताना विचारलंत, "काय बाई, ठीक ना?" मी रोज वाट बघितली, की आज आत येऊन बसतील. तुम्ही आला नाहीत. आज सात भाषणं ऐकून घेतलीत, पुष्पगुच्छ घेतलात, तरी नाही. अहो, तुम्ही एक वाक्य बोलला असता तर तो माणूस चष्मे बदलत फिरला नसता!

वहिनी, तुमच्यासमोर हे बोलावं लागतंय त्याचं मला वाईट वाटतं. तुमचा यात काही दोष नाही.

हा कागद मी लिहून आणलाय. दोनच ओळी आहेत. "कॅमेरा दोनची लेन्स मी बसवली आणि तपासली नाही. कॅमेरामनवरचा शेरा मी मागे घेतो." मूळ टेप संचालकबाईंच्या टेबलावर सकाळीच ठेवली आहे, ज्याला ऐकायची त्याने ऐकावी. मास्तर, मी तुम्हाला माफी मागायला सांगत नाही. ज्यांची मागायची ते नाहीत, आणि त्यांच्या वतीने ती घ्यायचा मला हक्क नाही. मला सही हवी आहे.

...वहिनी, राहू द्या, त्यांना त्यांचं उठू द्या.

हो, पेन आहे. घ्या. काय म्हणालात? तारीख? आजचीच घाला. मागची नको.

झालं. संचालकबाई, हा कागद तुमच्याकडे. नाही, टाळ्या वाजवू नका, कृपा करून वाजवू नका. कौतुक करण्यासारखं काही घडलेलं नाही. सहा वर्षांपूर्वी एका दुपारी व्हायला हवं होतं, ते आज झालं, आणि ज्याच्यासाठी व्हायचं तो माणूस बघायला नाही.

मास्तरांच्या पुढच्या आयुष्यात त्यांना चांगली तब्येत मिळो. संचालकबाईंनी मला बोलू दिलं, तुम्ही सगळ्यांनी चुळबूळ न करता ऐकलंत, याबद्दल मी ऋणी आहे. शिकलेल्या बाईसारखं बोलता आलं नसेल, कुणाचा मान राखायला कमी पडले असेन, तर पदरात घ्या. पण यापुढे कुणाच्या फाइलमध्ये कुणाची चूक लिहाल, तेव्हा आधी नीट बघा आणि मग लिहा.