कोरड्या विहिरीतला चेंडू

हसू नका, पण बिलोलीत गोल्फ मी सुरू केला होता. फौजेतून निवृत्त झालेले माझे हवालदार मामा घरात कुणाशी बोलेनात. गोल्फनं मन शांत होतं असं वाचून मी हरभरा काढलेल्या रानात खड्डा खणला आणि सोबतीला अग्निशमन दलातले ओळखीचे दोन जवान बोलावले. बजावलं, "घाई नाही, आरडाओरडा नाही."

मामांचा पहिलाच चेंडू कोरड्या विहिरीत गेला. मी पिशवीतून दुसरा काढेपर्यंत एक जवान दोर बांधून आत उतरलाही होता. दुसऱ्यानं दोर धरला होता आणि मामा काठावरून गरजत होते, "डावीकडं सरक! दोर ढिला सोडू नको रे!"

चेंडू वर आला. मी वैतागलो, "मामा, याला गोल्फ म्हणत नाहीत!"

"नसंल," मामा कैक महिन्यांनी हसले, "पर लई बरं वाटून राहिलं. तो दुसरा बी टाक विहिरीत."