पिवळा ठिपका

नाही, गाडी परत घेणार नाही. ते सोडून काय बोलायचं ते बोला — आणि आधी बसा. तिथे नको, ती खुर्ची यांची आहे, पाय वाकत नाही म्हणून पुढे स्टूल ठेवलंय. इकडे बसा. आवाज चढवायचा तर खुशाल चढवा, मला बरंच आहे. आतल्या खोलीत हे पडलेत, त्यांना ऐकू गेलं पाहिजे. काय म्हणालात, ब्रेक लागला नाही? परत म्हणा, जरा मोठ्यानं.

मी फसवलं म्हणता. कुठे फसवलं? आठवा की. गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्यात, बॉनेटमध्ये नाक खुपसलंत, रंगावरून नख फिरवलंत, विचारलंत, ठोकली होती का — मी म्हटलं, पुढचं सगळं नवीन बसवलंय. खोटं होतं? गल्लीत एक चक्कर मारलीत, चाक कुरकुरलं, तर तुम्हीच म्हणालात, उभी होती ना, गंज असेल, जाईल. मी म्हटलं, ब्रेकचं काम तुमच्याच गॅरेजात झालंय. तेही खरंच. मग तुम्ही टॉर्च घेऊन चाकापाशी वाकलात, आत बोल्टावर पिवळा ठिपका दिसला आणि हसलात. हा आमचा रंग, म्हणालात, आम्ही बोल्ट आवळला की ठिपका ठेवतो, मग पुन्हा बघावं लागत नाही. आणि नाहीच बघितलंत. दुनियेच्या गाड्या खोलणारा माणूस, पोटच्या पोरीसाठी गाडी घेताना चाक खोललं नाहीत — का, तर ठिपका तुमचा.

तो ठिपका तीन वर्षांपूर्वीचा आहे. असे डोळे बारीक करू नका, तुम्हाला कुठलं आठवायला, तुमच्याकडे दिवसाला दहा गाड्या. आमचे हे आले होते, ब्रेक आवाज करतो म्हणून. तुम्ही म्हणालात, नवे पॅड टाकलेत, बिनधास्त जा. हे बिनधास्त गेले, नवव्या दिवशी उतारावरून थेट गोदामाच्या भिंतीत. आणि खरं सांगू — पाय गेला त्याचं मला एवढं नाही, त्याची सवय झाली. पण हे म्हणतात, चूक माझीच. जेवताना मध्येच घास थांबतो आणि म्हणतात, उशीरच झाला गं ब्रेक दाबायला. बावीस वर्षं लोकांना गाडी शिकवली या माणसानं, आता बसमध्येसुद्धा डोळे मिटून बसतो.

मग दुसऱ्या मेकॅनिकनं चाक खोललं, मला बोलावून दाखवलं. ठिपका चिखलावर बसलेला. खालचा मळ तसाच, पॅड जुनेच, झिजून पत्रा झालेला. म्हणाला, बाई, बोल्ट उघडलाच नाही, नुसता रंग लावलाय. मी धावत येऊन यांना सांगितलं — यांचा विश्वास नाही. म्हणे, माझं मन राखायला बोलतेस तू. मग काय करणार? मेकॅनिकला म्हटलं, पुढचं सगळं कर, रंग बदल, चाकांना हात लावू नकोस, गाडी उभीच राहणार आहे. आणि राहिली उभी. तुम्ही मुलीसाठी गाडी शोधताय हे कानावर आलं, तोवर राहिली. मग भावाकरवी निरोप धाडला. करावे तसे भरावे म्हणतात, पण भरायला कोणी आपणहून येत नाही हो, आणावं लागतं.

मला वाटलं, तुम्हीच चालवत न्याल. देवाशपथ तसंच वाटलं होतं. तर किल्ली घ्यायला ती आली. मी गॅलरीत उभी. तिनं काच खाली करून मला हात केला, येते हं काकू म्हणाली — काकू म्हणाली मला, ओळख ना पाळख. तोंडाशी आलं होतं, थांब पोरी. नाही काढलं. यांनी तर दहादा बजावलं होतं, गिऱ्हाइकाला ब्रेक तपासून घ्यायला सांग, तीन वर्षं उभी आहे गाडी, विसरू नकोस. मी म्हटलं, सांगितलं.

कुठला हात मोडला? उजवा.

बरं. आता एवढंच करा. गाडी भंगारात घाला नाहीतर दारात पुजा, मला घेणं नाही. त्या खोलीच्या दाराकडे तोंड करा आणि म्हणा — मी पॅड टाकले नव्हते. म्हणा. खाली काय बघता, फरशीवर लिहिलेलं नाही. मुलीच्या हातासाठी माझ्या दारात आलात ना तणतणत, मग माझ्या माणसाच्या तीन वर्षांसाठी एक वाक्य. — नाही, पुटपुटू नका. त्यांना ऐकू जाईल असं.

हां. झालं. एवढंच तर होतं.

ऐकलंत का हो? ऐकलंत, काय म्हणाले ते? तुमची चूक नव्हती — अहो, तुम्ही कधी उठलात? काठीशिवाय कशाला उभे राहिलात, भिंत धरा. कधीपासून उभे आहात इथे? ... गॅलरीचं? ते — ते मी आपलं बोलण्याच्या भरात. नाही, तुम्ही यांचं ऐका ना, यांनी कबूल केलंय, टाकलेच नव्हते पॅड. मुलीचं त्यांना काय विचारताय, मी सांगते, बरी आहे, हातच मोडलाय. असं बघू नका माझ्याकडे.

तुम्ही निघा आता, काम झालं तुमचं. जाताना दार जरा उचलून ओढा, कडी नीट बसत नाही. खोट आहे त्यात. सांगून ठेवते.