उसाच्या कडेची पोर

हसा लेको, पण पंजाबात माझी बोबडी वळली होती.

गाई आणायला शिरूरजवळच्या कवठ्याहून तिकडच्या एका खेड्यात गेलो होतो. दिवस मावळत होता. ज्यांच्याकडे उतरलो होतो त्या सरदारजींची नात उसाच्या कडेला एकटीच खेळत होती. मी तिला उचललं आणि घराकडे पळालो. पोर किंचाळली. पोरं पळवणारा समजून लोक काठ्या घेऊन आडवे आले.

"बिबट्या! उसात बिबट्या!" मी ओरडलो. कुणाला कळेना. मग हिंदी शब्द आठवला, "तेंदुआ!" एकानं काठी उगारली, तेवढ्यात सरदारजी मध्ये पडले.

"बाबाजी, यहाँ तेंदुआ नहीं आता."

"आमच्या शिरूरला येतो. पोरं उचलतो," मी मोडक्या हिंदीत सांगितलं.

त्यांच्या म्हातारीनं नातीला जवळ घेतलं. "फिर आपके बच्चे खेलते कहाँ हैं?"

"घरात," मी म्हणालो. "आतून कडी लावून."