मशीन म्हणालं, मेमरी कमी पडतेय

मी मूळची हिंगणघाटची. बाबा जिनिंगमध्ये कामाला होते, कापसाच्या गाठी बांधायचे, घरी यायचे तेव्हा भुवया पांढऱ्या झालेल्या असायच्या. आजोबांनी छप्पनला दीक्षा घेतली, तेव्हापासून आमच्या घरात एकच बोलणं, शिकायचं. दहावी झाल्या झाल्या बाबांनी मला टायपिंगच्या क्लासला घातलं, मराठी मिनिटाला तीस शब्द, मग चाळीस. परीक्षेच्या कागदात एक चूक नाही निघाली माझी, सरांनी कागद उजेडाकडे धरून पाहिला. हे काऊन सांगून राहिली मी, तर काना-मात्रा चुकली की मला लगेच दिसते, हे तुम्हाला माहीत असलेलं बरं.

लग्न होऊन पुण्यात आले. आमचे मिस्टर भोसरीला एका कारखान्यात फिटर होते. मी शनिवार पेठेत टायपिंगच्या दुकानात लागले, प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार, अर्ज, दिवसभर तेच. पहिल्याच दिवशी मालकांनी विचारलं, झालं का, मी म्हटलं, करून राहिली ना. ते म्हणाले, राहू नका, करा. पुणं मला असं कळायला लागलं. वाईट नव्हते ते. पुढं कॉम्प्युटर आले तेव्हा त्यांनी मशीनींवर एक जुनी चादर टाकली आणि म्हणाले, ज्यांना शिकायचंय त्यांनी उद्यापासून एक तास लवकर या. आम्ही पाचजणी होतो, मी एकटीच गेले. माऊस हातात धरला तर बाण भलतीकडेच पळायचा. पण शिकले, डीटीपी करायला लागले, म्हणजे पुस्तकाची पानं लावायची. दुकान बंद झालं तेव्हा तेच काम मी घरी करू लागले.

ह्यांचा कारखानाही बंद झाला. मग घरी बसून काय करणार, मोबाईलवर फोटो काढायचा नाद लागला. मंडईत जायचे, भाजीपेक्षा फोटोच जास्त घेऊन यायचे, वांग्यांचे ढीग, तराजू, आणि घरी माझे, टाईप करतानाचे, पाठमोरे. मी म्हणायची, तोंड काढा ना माझं, तर म्हणायचे, तोंड वळवशील तेव्हा काढीन. एका सकाळी छातीत दुखतंय म्हणाले आणि अकरा वाजता नव्हतेच. काय सांगू तुम्हाला. त्यांचे मोबाईलमधले सगळे फोटो वैशालीनं, माझ्या मुलीनं, मला घेऊन दिलेल्या लॅपटॉपवर घातले. ती हिंजवडीला कंपनीत होती, नंतर बंगळूरला गेली. तो मोबाईल पुढे बंदच पडला.

त्याच लॅपटॉपवर मी काळे सरांचं पुस्तक करत होते. सर भूगोलाचे शिक्षक, निवृत्त, नारायण पेठेत राहायचे, पुण्यातल्या ओढ्यांवर त्यांनी आयुष्यभर टिपणं काढलेली. पुस्तकात नकाशेच नकाशे. आणि सरांची नजर चाललेली. डॉक्टरांनी सांगितलेलं, एक डोळा गेलाच, दुसऱ्याचं सांगता येत नाही. मला म्हणाले, बाई, मला पुस्तक हातात धरायचं नाहीये, वाचायचंय.

दीडशे पानं झाली आणि लॅपटॉप अडकायला लागला. नकाशा उघडला की सगळं थांबायचं, आणि एक पाटी यायची, इंग्रजीत, मेमरी कमी पडतेय. मला वाटलं, पडतेय म्हणजे जागा भरली. घर भरलं की आपण काय करतो, काढून टाकतो. आधी मी जुनी कामं काढली, पाटी गेली नाही. गाणी काढली, तरी नाही. मग राहिले काय, तर फोटो. मी दोन दिवस हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी सरांचा फोन आला, बाई, कुठवर आलं. मला आठवलं, वैशाली म्हणाली होती, सीडी करून ठेवते, म्हणजे तिनं केलीच असणार. मी ते सगळे फोटो काढून टाकले, आणि जागा पुरती मोकळी व्हावी म्हणून कचरापेटीही रिकामी केली. मग नकाशा उघडला. पाटी आली.

वैशालीला फोन केला तर ती म्हणाली, आई, सीडी राहून गेली गं माझी. मग म्हणाली, आई, ती मेमरी वेगळी. फोटो असतात ती डिस्क, आणि ही रॅम, ती फक्त काम चालू असताना लागते, फोटो काढून टाकून काहीच होणार नव्हतं. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

पण सरांचा डोळा काही थांबणार नव्हता. वैशालीनं सांगितलं तसं मी लिहून घेतलं, लॅपटॉपची रॅम, डीडीआर थ्री, चार जीबी, आणि बुधवार पेठेत गेले. आधी नुसतंच म्हटलं, मेमरी द्या. दुकानदार म्हणाले, कसली. लॅपटॉपची. कुठल्या लॅपटॉपची. मी म्हटलं, काळ्या. ते म्हणाले, अहो बाई, रंगावरून आम्ही साड्याही देत नाही. मग माझा कागद बघून त्यांनी दोन पट्ट्या काचेवर ठेवल्या, एक लांब, ती टेबलावरच्या कॉम्प्युटरची, आणि एक आखूड, ही तुमची. घरी बसवा, म्हणाले, मागचे स्क्रू काढायचे, जुनीशेजारच्या रिकाम्या जागी खाच जुळवायची, दाबायची. खाच जुळली. पट्टी टक् करून बसली. मला वाटलं, जमलं. बटण दाबलं तर पडदा काळा आणि आतून नुसतं टूं टूं. ह्यांचे फोटो मी घालवले, आता सरांचं पुस्तकही घालवलं.

तसाच लॅपटॉप पिशवीत घालून निघाले. नारायण पेठेत एका जिन्यावर नसीम नावाची मुलगी दुरुस्ती करायची, तिशीची असेल, तिच्याकडे गेले. तिनं माझी पट्टी काढली आणि लॅपटॉप सुरू केला, तर झाला की सुरू. पुस्तक जागेवर. मी तिथंच स्टुलावर बसले. तिनं जुनी पट्टी आणि नवी पट्टी शेजारी ठेवली आणि म्हणाली, काकू, वाचा. नवीवर पीसी थ्री, जुनीवर पीसी थ्री एल. म्हणाली, एल म्हणजे कमी व्होल्टेजवर चालणारी, तुमच्या मशीनला तीच लागते, खाच सारखी असली तरी दुसरी चालत नाही. जन्मभर लोकांची अक्षरं तपासली मी, आणि एक एल दिसला नाही. मला हसावं की रडावं कळेना. नसीम म्हणाली, पुढच्या वेळी जुनी पट्टीच सोबत न्यायची, मशीनला जास्तीत जास्त किती झेपते तेही आधी बघायचं. मी विचारलं, ह्यात काय राहतं. ती म्हणाली, काहीच राहत नाही, बंद केलं की कोरी.

तिनं एलवाली बसवली. नकाशे पळायला लागले. मग मी तिला फोटोंचं सांगितलं, भीत भीतच. तिनं लॅपटॉप दोन दिवस ठेवून घेतला. एकोणीस फोटो मिळाले, त्यातले पाच अर्धे, खाली करड्या पट्ट्या. म्हणाली, काकू, फोटो काढून टाकल्यावर तुम्ही काम चालूच ठेवलंत ना, त्यामुळे त्या जागेवर नवीन फाईली बसल्या. नवीन फाईली म्हणजे ओढ्यांचे नकाशे. मी सरांना हे कधी सांगितलं नाही. पुस्तक झालं, सरांनी भिंग धरून वाचलं, सगळं, आणि मला फोन करून एकशेबाराव्या पानावरची एक चूक सांगितली. ती चूक माझीच होती.

ह्यांनी काढलेल्या फोटोंत हे स्वतः कुठं असणार. पुढं मी ह्यांच्या कारखान्यातल्या लोकांना फोन केले, कुणाकडे ह्यांचा एखादा फोटो असेल तर द्या म्हणून. त्यांच्यातले गायकवाड भाऊजी घरी आले, पाकिटात एक फोटो, गणपतीत कामगारांनी नाटक केलेलं त्याचा. स्टेजवर एक माणूस, मोठ्या मिशा, जरीचा फेटा, हात वर करून मोठ्यानं काही बोलतोय. मी विचारलं, हे कोण. भाऊजी म्हणाले, वहिनी, हे तेच, तुमचे मिस्टर. चोवीस वर्षं संसार केला मी, नाटकाचं एक अक्षर सांगितलं नाही त्यांनी मला. काऊन नाही सांगितलं, ते आता कुणाला विचारू. राजा होते की प्रधान, तेही भाऊजींना आठवत नाही. वैशालीनं तो फोटो मोठा करून पाठवला, तो भिंतीवर आहे, बघा ना जवळ जाऊन. तुम्हाला काय वाटतं, राजा वाटतात का. मला काही दिवशी वाटतात, काही दिवशी नाही. असू दे. बसा, भाकरी टाकते, जेवूनच जा, आणि सुखी राहा बाप्पा सगळे.