ग्लेनिसबाई आणि शेडचा पत्रा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि हॅलोरन मोटर्सचे मालक श्री. ट्रेवर हॅलोरन, व्यासपीठावरील माननीय नगराध्यक्षा, वर्कशॉपमधून हात धुऊन आलेले आणि न धुता आलेले सर्व कारागीर, आजच्या सत्कारमूर्ती ग्लेनिस पास्को, आणि पोर्ट ऑगस्टाच्या या फुटबॉल क्लबात पंख्याखालच्या खुर्च्या आधीच पटकावून बसलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

मी क्लॅरी नोस्के. हॉकरच्या पलीकडे मेंढ्या राखतो. भाषणाचा मला सराव नाही. मेंढ्यांपुढे रोज बोलतो, पण त्या टाळ्या वाजवत नाहीत. ट्रेवरसाहेबांनी मला गिऱ्हाइकांच्या वतीने दोन शब्द बोलायला सांगितलं, हा त्यांच्या मनाचा मोठेपणा. कारण चार वर्षांपूर्वी त्यांच्याच काउंटरवर हात आपटून मी जे दोन शब्द बोललो होतो, ते नगराध्यक्षांसमोर उच्चारण्यासारखे नाहीत.

आज निवृत्त होणाऱ्या ग्लेनिसबाई त्या काउंटरमागे एकतीस वर्षं बसल्या. आपल्यापैकी कोण तिथे कधी हसत गेलंय? गाडी बिघडलेला माणूस आणि दाढ दुखणारा माणूस सारखेच. समोर जो दिसेल त्याच्यावर ओरडतो. आणि समोर कायम ग्लेनिसबाईच.

तेव्हा माझी बायको रोंडा आजारी होती. दोन्ही मूत्रपिंडं निकामी. आठवड्यातून तीनदा शंभर किलोमीटरवरून तिला इथे डायलिसिसला आणायचं. ॲडलेडच्या इस्पितळात नव्या मूत्रपिंडासाठी तिचं नाव लागलेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "फोन आला की निघायचं. सहा तासांत तुम्ही आमच्या दारात हवेत. नाही पोचलात, तर ते दुसऱ्याला जाईल." आमच्याकडून ॲडलेड साडेचार तास. तेही गाडी धड असेल तर.

गाडी धड नव्हती. ऑटोमॅटिक गाडी, घेतल्याला पुरती तीन वर्षंही झाली नव्हती. तापली की पिची रिचीच्या घाटात तिचा गिअरबॉक्स थरथरायचा, एक दणका द्यायचा आणि खालच्या गिअरात अडकून बसायचा. मग ताशी तीस. मागे ट्रकांची रांग आणि भोंगे. रोंडा दाराची कडी गच्च धरून बसायची आणि मी तिच्याकडे बघायचं टाळायचो. खरं सांगतो, मला फार भीती वाटायची.

तीनदा मी गाडी वर्कशॉपला आणली. तिन्ही वेळा कागद मिळाला, 'दोष आढळला नाही.' चौथ्यांदा आलो तेव्हा वॉरंटीचे एकोणीस दिवस उरले होते. त्या दिवशी मी काउंटरवर हात आपटला. ग्लेनिसबाईंची कॉफी सांडली, ती त्यांनी शांतपणे पुसली.

"झालं बोलून? मग सांगा, येताना चहा कुठे घेतलात?"

मी म्हटलं, "माझी बायको मरायला टेकलीय आणि तुम्ही चहा विचारताय?"

"विचारतेय ना. सांगा."

"घाट उतरल्यावर, स्टर्लिंग नॉर्थला. नेहमी तिथेच थांबतो."

"नुसता चहा?"

"चहा, खिम्याची पेस्टी... आणि गाडी धुतो. एवढी धूळ घेऊन तुमच्या दारात यायचं म्हणजे बरं दिसत नाही."

"म्हणजे तासभर."

"होतो तासभर."

"अहो नोस्के! तापल्यावर आजारी पडणारी गाडी तुम्ही तासभर गार करता, आंघोळ घालता, आणि मग मला म्हणता आजार शोधा?"

मंडळी, हसू नका. या हॉलमधले निम्मे लोक हेच करतात. आपल्याकडे मेंढा प्रदर्शनात न्यायचा असो की पोर शाळेत घालायचं असो, धुऊनपुसून न्यायची सवय. गाडी दाखवायला न्यायची तर आधी आपणच लाजतो! आणि वर्कशॉपवाले काय करणार? गार गाडी फिरवायची, बंदराकडच्या सपाट रस्त्यावर दोन चकरा मारायच्या, की कागद तयार.

ग्लेनिसबाई म्हणाल्या, "गुरुवारी डायलिसिसला याल तेव्हा चहा नाही, पेस्टी नाही, आंघोळ नाही. मी घाटाच्या अलीकडे, क्वॉर्नला उभी राहते. इंजिन बंद केलंत तर याद राखा."

आणि खरोखरच क्वॉर्नच्या बेकरीसमोर त्या उन्हात उभ्या होत्या. सोबत ब्रूनो मेकॅनिक, त्याच्या हातात ते तपासणीचं यंत्र. दोघं मागच्या सीटवर बसले. घाट लागला. दोन वळणं गेली तरी गाडी लोण्यासारखी! मी मनातल्या मनात तिची विनवणी करत होतो, बाई गं, आज तरी बिघड. तिसऱ्या वळणावर तिने असा दणका दिला की ब्रूनोचं डोकं छताला लागलं. रोंडाने चक्क टाळ्या वाजवल्या. गाडी बिघडल्याचा एवढा आनंद मला जन्मात झाला नव्हता.

पण गाडी बनवणाऱ्या कंपनीचे मेलबर्नचे एक साहेब फोनवर म्हणाले, "सर्व्हिसच्या पुस्तकावर शिक्के कुठे आहेत? त्याशिवाय वॉरंटी नाही." शिक्के नव्हते. ऑइल मी माझ्या शेडमध्ये स्वतः बदलतो. माझे वडीलही तसंच करायचे.

"कुठेच लिहून ठेवलं नाहीत?" ग्लेनिसबाईंनी विचारलं.

"शेडच्या पत्र्यावर लिहिलंय."

ट्रेवरसाहेब, तेव्हा तुम्ही आतून म्हणाला होतात, "ग्लेनिस, सोड आता." आज मी त्याची आठवण काढणार नाही.

ग्लेनिसबाई मला म्हणाल्या, "मग पत्रा घेऊन या."

शेजाऱ्याचा ट्रक मागितला, स्क्रू काढले, आठ फुटी पत्रा आणून काउंटरवर आडवा टाकला. त्यावर पाऊस किती पडला, कोकरं किती झाली, कुत्री कधी व्याली, सगळं आहे. त्यातून ऑइलची प्रत्येक नोंद त्यांनी चष्मा लावून शोधली. तारीख, किलोमीटर. प्रत्येक वेळचा फिल्टर मी यांच्याच दुकानातून नेलेला, त्या तारखाही जुळवल्या. दोन दिवस त्यांनी दुसरं काही केलं नाही. मग मेलबर्नला फोन.

साहेब म्हणाले, "पत्रा आम्ही कधी पुरावा म्हणून घेतलेला नाही."

"मग आता घ्या. पोस्टाने पाठवू? आठ फुटी आहे."

पलीकडून आवाज आला, "फोटो चालतील."

वॉरंटीचे तीन दिवस उरले असताना नवा गिअरबॉक्स बसला.

पाच आठवड्यांनी, रविवारी सकाळी, रोंडाचे हात पिठात असताना ॲडलेडहून फोन आला. आम्ही तसेच निघालो. घाट लागला तसे माझे हात स्टिअरिंगवर आवळले गेले. रोंडा म्हणाली, "क्लॅरी, इकडे बघ."

"रस्ता बघतोय."

"बघ रे. मी कडी धरलेली नाहीये."

मी पाहिलं. दोन्ही पिठाचे हात मांडीवर ठेवून बाई निवांत बसली होती. स्टर्लिंग नॉर्थला आम्ही चहाला थांबलो नाही. फोन आल्यापासून पाच तासांच्या आत आम्ही इस्पितळाच्या दारात होतो.

ती रोंडा तिसऱ्या रांगेत बसलीय. मी फार लांबवतोय अशी खूण करतेय. ज्या अनोळखी घरावर त्या रविवारी दुःख कोसळलं आणि तरी ज्यांनी ते मूत्रपिंड दिलं, त्यांची आठवण आम्ही रोज काढतो. आज इथेही काढतो.

ग्लेनिसबाई, तुम्हाला भेट काय द्यावी सुचेना, म्हणून तो पत्रा आणलाय. दारामागे उभा आहे. शेडला भोक पडलंय, पडू दे. सगळ्यात खालची ओळ रोंडाने इस्पितळातून घरी आल्या दिवशी लिहिलीय, तेवढी वाचतो. 'गिअरबॉक्स नवा. मूत्रपिंड दुसऱ्याचं. दोन्ही बिनआवाज चालू.'

आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. आणि ग्लेनिसबाई, त्या दिवशीच्या त्या दोन शब्दांची माफी मागायची चार वर्षं राहून गेली होती. ती आज मागतो. कॉफीसकट.