आधी शहर सांगा

नाही नाही, बॅगेचा रंग राहू दे ताई, आधी शहर सांगा. फ्रान्स कळलं हो, पण फ्रान्स म्हणजे काय आपली गल्ली आहे? — हसताय? मी नाही गेलो कधी, पण माझ्या बॅगा जाऊन येतात ना! दुरुस्तीला आल्या की सगळं सांगतात. पॅरिसची बॅग येते ती मूठ तुटून — मेट्रोचे जिने, उचला, ठेवा, परत उचला. ल्यों शहरातून आली की चाकं बघायची, दगडी गल्ल्यांतून फरफटून पार झिजलेली. म्हणून विचारतो. काय, अजून ठरत नाहीये? दोन्हीकडे प्रवेश मिळालाय, मग घोडं अडलंय कुठे? मैत्रीण कुठे चाललीय? — मैत्रीण नाही? बरं बरं. मी काही विचारलंच नाही.

आमच्याकडेही हेच नाटक चाललंय. कन्यारत्नाला हीच दोन शहरं, आणि आजच्या आज कळवायचंय. मी म्हटलं, बाई गं, तुझं तू ठरव, माझी जबरदस्ती नाही — फक्त पॅरिसला जाताना मध्ये विमान बदलावं लागत नाही, एवढंच बोललो. एकदाच. म्हणजे जेवताना एकदा, मग स्कूटरवर, आणि हेल्मेटमधून ऐकू गेलं नसेल म्हणून घरी पोचल्यावर परत. आता सांगा, एकटा माणूस, भाषेचा गंध नाही, मध्येच उतरून दुसरं विमान कसा शोधणार? — मी नव्हे हो! मी कशाला जातोय, दुकान कोण बघेल? कोणीही माणूस, म्हणून म्हटलं. ही बघा, पॅरिसची बॅग काढूनसुद्धा ठेवलीय तिच्यासाठी. मूठ ओढा. ओढा जोरात, लाजताय काय!

तुम्हाला ल्यों बघायचंय? थांबा, जाड रबरी चाकांची एकच निळी उरलीय, खालच्या फळीवर — इथेच होती. काल मीच पुसून ठेवली. विकली तर नाही. सकाळी दुकान लेकीनं उघडलं, मी बँकेत होतो, तेव्हा तर —

अच्छा.

नाही नाही, बसा, काही नाही. बॅग उलटी करून, चाकं फिरवून बघितली असणार, मीच शिकवलंय. आणि एवढं धूड घरात शिरलं ते आईच्या नाकासमोरूनच ना? तरीच म्हटलं, मघाशी फोनवर आमची ही इतकी गोड का बोलत होती! म्हणजे सगळ्या घराला ठाऊक, या दुकानदाराला सोडून. मी एवढा का वाईट आहे? रागावलो असतो का? — थोडा रागावलो असतो. तासभर. पण सांगायचं ना तोंडावर.

हसा, तुम्हीही हसा. आणि तुमच्या बाबांना माहीत आहे ना, तुम्ही दोन्हींत अडकलाय ते? — खाली काय बघताय? आधी बॅग घेऊ, मग सांगू, असंच ना?

उठा. नाही, आज विकायची नाही तुम्हाला. घरी जा आधी.